‘चालू राहू दे ना, काय बिघडतं!’



वरचं वाक्य गेल्या वर्ष-दीड वर्षात मी इतक्या जणांकडून ऐकलंय की आता ते कुणी उच्चारलं की माझ्या कपाळावर आपोआप आठी पडते. भाचा म्हणाला, पुतण्या म्हणाला, जावईबापू (अगदी अदबीनं) म्हणाले, आणि संगणक दुरुस्त करायला येतो तो मुलगाही म्हणाला. विषय एकच. आमच्या सांगलीच्या घरातला संगणक आम्ही ठाण्याला असताना रात्रंदिवस चालू ठेवायचा की नाही. ही सगळी शिकलेली मंडळी आहेत, त्यांतले दोघे तर याच धंद्यात पोट भरतात. तरीही मी म्हणतो की हे वाक्य आळसाचं आहे, त्याला ज्ञानाचा सदरा घातलेला आहे एवढंच. आज त्यावरच लिहायचं ठरवलंय. भांडण म्हणा हवं तर.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो, नातेवाइकांना ती ठाऊकच आहे. २०१९ च्या ऑगस्टात कृष्णेचं पाणी आमच्या तळमजल्यात शिरलं. माळ्यावरची कागदांची ट्रंक बुडाली नाही, पण ओल धरली. आजोबांच्या वेळचे मोडी कागद, वाटणीपत्रं, वडिलांच्या रोजनिशा, आणि माझ्या शाळेच्या हस्तलिखित मासिकांचे तीसेक अंक. ते सगळं वाळवून, पान पान स्कॅन करून मी वरच्या मजल्यावरच्या संगणकात भरलं. दोन वर्षं लागली. सातशे जीबी झालं. आता वर्षातले सहा महिने आम्ही दोघं लेकीकडे ठाण्याला असतो आणि कागद सांगलीत. नाशिकच्या चुलतभावाला वाटणीपत्राचं पान हवं असतं, एखाद्या माजी विद्यार्थ्याला त्याची आठवीतली कविता हवी असते. (कविता बहुधा भयंकर असते. पण त्याच्या मुलीला ती दाखवायची असते, त्यामुळे माझं मत मी माझ्यापाशीच ठेवतो.)

तर लांबून कागद काढायचा म्हणजे संगणक जागा हवा. त्यावर सगळ्यांचा एकमुखी तोडगा: चालू राहू दे.

माझी आई रोज सकाळ-संध्याकाळ चूल पेटवायची. आमच्याकडे पाहुण्यांचा राबता मोठा. पण एखादा पाहुणा अवेळी टपकेल म्हणून तिनं चूल चोवीस तास पेटती ठेवली असती, तर घरातल्या माणसांनी तिला काय म्हटलं असतं? दाराची कडी वाजली की ती उठायची, राखेतला निखारा फुंकायची आणि पाच मिनिटांत चहा व्हायचा. मुद्दा निखाऱ्याचा आहे. संगणकातही असा निखारा असतो. तो आपण पैसे देऊन विकत घेतलेला असतो, आणि बहुतेक घरांत कुणी कधी फुंकलेला नसतो.

त्याचं नाव वेक-ऑन-लॅन. आपला संगणक बंद आहे असं आपण म्हणतो तेव्हा तो पूर्ण बंद नसतोच. विश्वास नसेल तर आज रात्री संगणक बंद करून त्याच्या मागच्या बाजूला बघा, जिथे इंटरनेटची वायर खोचलेली असते तिथे. बऱ्याच यंत्रांवर एक बारीक दिवा लुकलुकत असतो. संगणकातला वीजपुरवठ्याचा डबा भिंतीवरचं बटण चालू असेपर्यंत पाच व्होल्टची एक बारीकशी धार सतत देत राहतो. समोरचं बटण दाबल्यावर संगणकाला कळतं ते त्या धारेच्या जोरावरच. त्याच धारेवर नेटवर्क कार्डही जागं राहू शकतं. बाकी सगळा वाडा झोपलेला, देवडीवरचा रखवालदार तेवढा जागा.

आता या रखवालदाराला काय ऐकू आलं म्हणजे त्यानं वाडा उठवायचा? ही युक्ती मला फार आवडली. प्रत्येक नेटवर्क कार्डाला कारखान्यातूनच एक क्रमांक मिळालेला असतो, त्याला मॅक पत्ता म्हणतात. सहा बाइटांचा. जागं करणारा निरोप असा असतो: आधी २५५ हा आकडा सहा वेळा, म्हणजे ‘लक्ष द्या!’ आणि मग त्या एकाच कार्डाचा क्रमांक ओळीनं सोळा वेळा. सहा अधिक सोळा गुणिले सहा, झाले १०२ बाइट. संपलं. या निरोपाला मॅजिक पॅकेट म्हणतात. मी वसतिगृहावर सात वर्षं अधीक्षक होतो, पहाटे पाचला पोरं कशी उठवावी लागतात ते मला माहीत आहे. नाव सोळा वेळा घेतल्याशिवाय कोण उठतो! रखवालदार येणारं प्रत्येक पत्र उघडून वाचत बसत नाही, त्याला मजकुराशी देणंघेणं नाही. आपल्या धन्याचं नाव सलग सोळा वेळा आलं की नाही, इतकंच तो बघतो. म्हणून तर त्याला इतक्या कमी विजेत भागतं.

एक फरक मात्र आहे. वर्गात हजेरी घेतली की पोरगं ‘हजर’ म्हणतं. इथे उलट उत्तर येत नाही. निरोप पाठवायचा, मिनिटभर थांबायचं आणि मग संगणक खरोखर उठला का ते वेगळं विचारून बघायचं.

ही काही काल-परवाची गोष्ट नाही. एएमडी या चिप बनवणाऱ्या कंपनीनं १९९५ च्या नोव्हेंबरात या मॅजिक पॅकेटचं टिपण प्रसिद्ध केलं. तंत्र त्यांनी ह्यूलेट-पॅकार्डबरोबर मिळून बसवलेलं होतं. १९९७ मध्ये आयबीएम आणि इंटेल यांनी ‘वेक-ऑन-लॅन’ या नावानं ते पुढे आणलं. मोठ्या कचेऱ्यांत शेकडो संगणक असतात, रात्री त्यांची डागडुजी करायची तर प्रत्येकाचं बटण दाबत कोण हिंडणार, ही त्यामागची गरज. त्या काळी नेटवर्क कार्डापासून मदरबोर्डापर्यंत तीन तारांची एक छोटी वेगळी वायर जोडावी लागे. पुढे तीही गरज उरली नाही. म्हणजे मी निवृत्त व्हायच्या कितीतरी आधीपासून ही सोय अस्तित्वात आहे. आणि २०२५ साली दुरुस्तीवाला मुलगा मला सांगतो, “सर, बंद संगणक लांबून कसा चालू होईल? बंद म्हणजे बंद.”

मुलगा गुणी आहे, मेहनती आहे, त्याच्यावर माझा राग नाही. माझा राग त्याला शिकवणाऱ्यांवर आहे. त्याला खोकं उघडून पंखा बदलायला शिकवलं, विंडोज नव्यानं टाकायला शिकवलं, पण ‘बंद’ या शब्दाचा अर्थ शिकवला नाही.

आणि पुतण्याचं म्हणणं तर ऐका. “काका, तुम्ही नका त्यात डोकं घालू. बायोस वगैरे तुमचं काम नाही. चालू राहू दे, काय बिल येईल ते मी भरतो.” बिल भरण्याचा प्रश्न होता का? मी चाळीस वर्षं व्याकरण शिकवलं. प्रयोग ओळखता येतो त्याला चार सूचना वाचून त्या पाळता येणार नाहीत, हे याला कुणी सांगितलं? गंमत अशी की त्याला स्वतःला ते येत नव्हतं. दोन प्रश्न विचारल्यावर कळलं. ‘तुम्हांला जमणार नाही’ या वाक्याच्या पोटात पुष्कळदा ‘मी कधी बघितलं नाही’ हे वाक्य असतं. झोपलेल्याला जागं करता येतं, झोपेचं सोंग घेतलेल्याला नाही, ही म्हण आपल्याकडे उगाच नाही.

असो. मुद्द्यावर येतो. हे करायला लागतं काय?

पहिलं, संगणक वायरीनं राउटरला जोडलेला हवा. वाय-फायवरून जागं करण्याची सोय काही यंत्रांत असते, पण ती बहुतेक वेळा झोपेतून उठवते, पूर्ण बंद असताना नाही, आणि तिचा भरवसा कमी. आठ-दहा मीटर वायर घ्या, भिंतीच्या कडेनं न्या, वाद संपला.

दुसरं, बायोस. संगणक सुरू होताना डिलीट किंवा एफ-२ दाबलं की जो पडदा येतो तो. इथे कारखानदारांनी जो घोळ घालून ठेवलाय त्याला तोड नाही. एकाच गोष्टीला कुणी ‘वेक ऑन लॅन’ म्हणतो, कुणी ‘पॉवर ऑन बाय पीसीआय-ई’, कुणी आणखी काही. व्याकरणाच्या पुस्तकात प्रत्येक लेखकानं कर्त्याला वेगळं नाव दिलं असतं तर पोरं पास झाली असती का? त्यातून ‘ईआरपी’ नावाचं आणखी एक बटण असतं. युरोपातल्या वीजबचतीच्या नियमांसाठी ते ठेवलंय. ते चालू असेल तर बंद संगणकाची ती पाच व्होल्टची धारही जवळजवळ आटवली जाते, आणि मग रखवालदारही झोपतो. तेव्हा ‘वेक’चं बटण चालू आणि ईआरपीचं बंद. दोन्ही पाहिजेत. एक केलं आणि दुसरं राहिलं की माणूस म्हणतो, ‘हे तंत्रच बेभरवशाचं!’

तिसरं, विंडोज. डिव्हाइस मॅनेजरमध्ये नेटवर्क कार्डाच्या नावावर दोनदा टिचकी मारायची. ‘पॉवर मॅनेजमेंट’ या पानावर तीन चौकटी असतात. दुसरी म्हणते की या कार्डाला संगणक जागा करू द्या, आणि तिसरी म्हणते की फक्त मॅजिक पॅकेट आलं तरच. दोन्हींत खूण करायची. तिसरी विसरलात तर जाळ्यावरच्या कुठल्याही खुसपुशीनं संगणक रात्री-अपरात्री उठून बसेल आणि तुम्ही भुताटकी समजाल. मग ‘ॲडव्हान्स्ड’ या पानावर ‘वेक ऑन मॅजिक पॅकेट’ चालू आहे ना ते बघायचं. आणि ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची एक सोय विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून आहे. तिच्यामुळे संगणक धड बंदही होत नाही आणि धड झोपतही नाही, त्रिशंकू होऊन लटकतो. पुष्कळ ठिकाणी वेक-ऑन-लॅनचं घोडं इथेच पेंड खातं. ती बंद करायची. मी तर संगणक पूर्ण बंद करतच नाही, झोपवतो. झोपेतून उठणं जास्त खात्रीचं आणि लवकरही होतं.

लिनक्सवाल्यांना इथटूल नावाची आज्ञा आहे. तिच्यात ‘वेक-ऑन’ पुढे डी दिसलं तर बंद, जी दिसलं तर मॅजिक पॅकेटची वाट पाहतोय. एका अक्षराचा फरक. काही यंत्रांवर ते अक्षर संगणक पुन्हा सुरू झाला की मूळपदावर येतं, म्हणून ते कायमचं लिहून ठेवावं लागतं.

मग कमांडच्या काळ्या खिडकीत ‘आयपीकॉन्फिग’ आणि पुढे ‘ऑल’ लिहून फिजिकल ॲड्रेस वाचायचा. हाच मॅक पत्ता. बारा अक्षरं, दोन-दोनच्या सहा जोड्या. वहीत उतरवायचा. शून्य आणि ओ यांत गोंधळ नको. यात ओ नसतोच, ए ते एफ एवढीच अक्षरं असतात. मग मोबाइलवर वेक-ऑन-लॅनचं कुठलंही फुकट ॲप घ्या, तो पत्ता भरा, संगणक झोपवा, आणि बोट टेकवा.

मी स्वयंपाकघरातून बोट टेकवलं आणि वरच्या मजल्यावर पंखा घरघरला. सौ. म्हणाली, वर कुणी आहे का?

अर्धा तास. मोजून पस्तीस मिनिटं, त्यात चहाची दहा. वर्षभर ज्या अर्ध्या तासाऐवजी सगळे मला ‘चालू राहू दे’ सांगत होते, तो हा अर्धा तास.

आता हिशोब. शिक्षकाला फळा मिळाला की हिशोब आलाच. प्लगमध्ये लावायचा एक वॉटमीटर मी आणला. आमचा संगणक काही काम न करता नुसता जागा असताना साधारण ६० वॉट खातो. झोपलेला, पण कार्ड जागं, असं असताना २ च्या आत. ६० वॉट चोवीस तास म्हणजे दिवसाला १.४४ युनिट, वर्षाला ५२५.६ युनिट. उलट बाजूला रोज दोन तास संगणक वापरला असं धरा (खरं तर आठवड्यातून दोन-तीनदाच लागतो): वर्षाला ४३.८ युनिट. झोपेतले २ वॉट, सोपं जावं म्हणून पूर्ण चोवीस तासांचे धरतो: १७.५ युनिट. बेरीज ६१.३. राउटर दोन्हीकडे चालूच, तो मोजत नाही. युनिटला दहा रुपये धरले तरी वर्षाला साडेचार हजारांवर फरक पडतो. हे एका घरातलं. ज्या गावात पुराचं पाणी पाहिलं त्या गावात बसून, चंद्रपूरचा कोळसा जाळून केलेली वीज एका रिकाम्या खोलीतल्या पंख्याला वारा घालण्यासाठी वापरायची, हे मला पटत नाही. शिवाय बंद घरात, धुळीत, विजेच्या चढ-उतारात यंत्र महिनोन्‌महिने तापत ठेवायचं, तेही वरच्या मजल्यावर कागदांच्या ट्रंकेशेजारी! ‘काय बिघडतं’ विचारणाऱ्यांपैकी एकही जण स्वतःच्या घरातून निघताना इस्त्री चालू ठेवून जात नाही.

यावर मला तीन उत्तरं आली. तिन्हींचा समाचार घेतो.

एक: सारखं चालू-बंद केलं की संगणक झिजतो. हे वाक्य बापाकडून मुलाकडे आलेलं आहे. फिरणाऱ्या हार्डडिस्कला सुरू होताना थोडा ताण पडतो हे खरं. पण जुन्या साध्या हार्डडिस्कच्या माहितीपत्रकांत सुद्धा सुरू-बंदचा आकडा पन्नास हजारांच्या घरात छापलेला असे. दिवसातून चारदा उठवलं तर वर्षाचे होतात १४६०. पन्नास हजार व्हायला चौतीस वर्षं लागतील. तेव्हा मी शंभरी ओलांडलेली असेन, बघू. एसएसडी असेल तर त्यात फिरणारं काही नाहीच.

दोन: हे असुरक्षित आहे, कुणीही उठवेल. या आक्षेपात तथ्य आहे, म्हणून त्याला नीट उत्तर देतो. मॅजिक पॅकेट कुणी पाठवलं हे रखवालदार विचारत नाही. घरच्या जाळ्यात जो शिरला आणि ज्याला तो पत्ता कळला, तो उठवू शकतो. काही कार्डांना परवलीचा शब्द लावता येतो, बहुतेकांना नाही. याचा दुरुपयोगही झालाय. रायुक नावाच्या खंडणीखोर प्रोग्रामनं जाळ्यात शिरल्यावर झोपलेले संगणक याच निरोपानं उठवून त्यांवरच्या फाइली कुलूपबंद केल्या, हे २०२० च्या जानेवारीत उघडकीला आलं. पण विचार करा. चोर वाड्यात शिरलेलाच होता. आणि तुमचा संगणक चोवीस तास जागा असता तर त्याला उठवायचेही कष्ट पडले नसते! ‘झोपलेल्याला कुणी उठवेल, म्हणून झोपूच देऊ नका’ हा कुठला न्याय? उठवणं म्हणजे आत शिरणं नव्हे. उठल्यावर विंडोजचा पासवर्ड असतोच, असायलाच हवा. मात्र राउटरमध्ये बाहेरच्यांसाठी खिडकी उघडून सबंध जगातून हे निरोप आत घेऊ नका. तसं सुचवणारे लोक भेटतात, त्यांचं ऐकू नका.

तीन: घरातल्या घरात ठीक आहे हो, ठाण्याहून कसं उठवाल? हा पुतण्याचा प्रश्न, आणि त्यात ‘बघा, अडकलात ना’ असा सूर होता. अडचण खरी आहे. हा निरोप आळीत दवंडी पिटल्यासारखा असतो. घरच्या जाळ्यातल्या सगळ्यांना ऐकू जातो, पण आळीच्या वेशीबाहेर जात नाही. बाहेरून आलेली अशी दवंडीही राउटर आत सोडत नाहीत. पूर्वी पुष्कळ सोडत, पण त्याचा उपयोग करून लोक दुसऱ्यांची जाळी बुडवू लागले, म्हणून १९९९ मध्ये इंटरनेटच्या नियमांतच बदल झाला आणि दार मुळातच बंद ठेवायचं ठरलं. योग्यच झालं. काही जण दवंडीऐवजी थेट त्या संगणकाच्या नावानं निरोप आत पाठवायची सोय करतात. ते पहिली काही मिनिटं चालतं. मग झोपलेला संगणक कुठे राहतो हे राउटर विसरतो, आणि निरोप वाऱ्यावर जातो. ‘दुपारी चाललं, रात्री का चाललं नाही’ याचं कोडं पडतं ते यामुळे.

त्यातून आपल्याकडे आणखी एक भानगड आहे. पुष्कळ इंटरनेटवाले शेकडो गिऱ्हाइकांना मिळून बाहेरचा एकच पत्ता देतात. सोसायटीचं नाव आहे पण फ्लॅटला नंबर नाही, असं. तुमच्या राउटरच्या पानावर बाहेरचा पत्ता १०० ने सुरू होत असेल आणि त्यापुढचा आकडा ६४ ते १२७ च्या मध्ये असेल, तर तुम्ही या चाळीत राहता असं समजा. मग बाहेरून तुमचं दार ठोठावताच येत नाही. आमच्या इंटरनेटवाल्याला मी हे फोनवर विचारलं. “आजोबा, राउटर एकदा बंद करून चालू करा,” असं उत्तर आलं. चार वेळा फोन केला, चार वेळा तेच.

उपाय आहे. बाहेरून आत जाता येत नसेल, तर आतल्या कुणीतरी बाहेर डोकावून बसायचं. पत्त्यांच्या कॅटएवढा रास्पबेरी पाय नावाचा चिमुकला संगणक मिळतो. आमच्याकडचा ३ वॉट खातो. तो राउटरशेजारी वायरीनं जोडून ठेवला. त्याच्यावर आणि माझ्या मोबाइलवर टेलस्केल टाकलं. त्यानं दोघांमध्ये एक खासगी वाट तयार होते, चाळीतल्या पत्त्याची अडचण तिला येत नाही. ठाण्यात बसून मी त्या चिमुकल्याशी बोलतो, तो घरातल्या घरात दवंडी देतो, मोठा उठतो. (काही राउटरांत हीच सोय आत बसवलेली असते. ओपनडब्ल्यूआरटी चालणारा राउटर असेल तर चिमुकल्याचीही गरज नाही.)

“म्हणजे शेवटी काहीतरी चालू ठेवलंतच ना!” इति पुतण्या. हो, ठेवलं. ३ वॉट. वर्षाला २६.३ युनिट. मघाच्या ६१.३ मध्ये मिळवा, ८७.६ होतात. ५२५.६ मधून वजा करा, ४३८ युनिट अजूनही वाचतात. देवापाशी समई आणि अंगणात होळी, दोन्ही आगच की! ॲपलनं तर २००९ पासून ही गोष्ट आपल्या यंत्रांत घरचीच करून टाकली होती: एक संगणक झोपला की घरातलं दुसरं जागं यंत्र त्याच्या वतीनं निरोप ऐकतं आणि गरज पडली तरच त्याला उठवतं. म्हणजे अक्कल उपलब्ध आहे, ती वापरायची तेवढी.

खरी अडचण या तिन्हींत कुणी काढलीच नाही, ती मीच सांगतो. वीज जाणं. सांगलीत वीज गेली आणि परत आली की बऱ्याच संगणकांचा रखवालदार आपली आज्ञा विसरतो. एकदा संगणक नीट सुरू होईपर्यंत तो काही ऐकत नाही. त्यावर बायोसमध्ये ‘वीज परत आल्यावर काय करायचं’ असं एक कलम असतं, ‘रिस्टोअर ऑन एसी पॉवर लॉस’ किंवा तत्सम. तिथे ‘पॉवर ऑन’ ठेवायचं. वीज आली की संगणक आपणहून उठतो, वीस मिनिटं कुणी हाक मारली नाही की परत झोपतो, आणि रखवालदार पुन्हा चौकीवर. गेल्या पावसाळ्यात अकरा वेळा वीज गेली (चिमुकला नोंद ठेवतो), अकराही वेळा संगणक हाकेला उठला.

हे सगळं मी मराठीत, फुलस्केपच्या दोन पानांवर, क्रमवार लिहून काढलंय. मॅक पत्ता लिहायला बारा चौकोन आखलेत, फॉर्मवर असतात तसे. दुरुस्तीवाला मुलगा त्याची झेरॉक्स घेऊन गेला आणि त्यानं परवा एका डॉक्टरांच्या दवाखान्यात ही सोय करूनही दिली. पुतण्याला मी पान पाठवलं, त्याचं अजून उत्तर नाही. ज्या नातेवाइकांना हवं असेल त्यांनी फोन करावा, दुपारी दोन ते चार सोडून. बायोसचा पडदा दिसेल असा फोटो काढून ठेवा आणि मदरबोर्डाचं नाव वाचून सांगा. नुसतं ‘काळा डबा आहे’ म्हणू नका. नाशिकच्या आबांकडे वायर नाही असं कळलं, त्यांच्यासाठी दिवाळीत येताना दहा मीटरची घेऊन येतो.